कळपाचा राखणदार

सुशिक्षित गृहस्थांच्या घरीं विलायती जातीचा कुत्रा पाळण्याची हौस आतां चांगलीच रुळली आहे. त्यांतहि ज्यास आपल्याकडे पुष्कळ काळ 'अल्सेशियन' म्हणत, त्याचा मान मोठा. त्याचें खरें नांव जर्मन शेफर्ड, म्हणजे जर्मन मेंढपाळ. आणि मॅक्स फॉन स्टेफानिट्झ या घोडदळांतल्या गृहस्थानें १८९९ सालीं मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांतूनच ही जात पद्धतशीरपणें बांधण्यास आरंभ केला, हें त्याच्या धन्यांपैकीं थोड्यांसच ठाऊक असतें. नागपुरास किंवा पुण्यास दारांत साखळीनें बांधलेला हा प्राणी वस्तुतः बेकार झालेला मेंढपाळच होय! आमच्या वर्धा जिल्ह्यांत कळपाचाच धंदा करणारा दुसरा एक कुत्रा मात्र अजून कामावर आहे. त्याला जातीचें नांव नाहीं, वंशावळ नाहीं, कीं प्रदर्शनांतलें पदक नाहीं. त्याची थोडी ओळख वाचकांस करून द्यावी असा आमचा हेतु आहे.

कुत्रा आणि गोधन यांचा संबंध आमच्या वाङ्मयांत अगदीं आरंभापासून आढळतो. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांत पणींनीं लपविलेल्या गाईंच्या शोधार्थ इंद्रानें सरमेस पाठविल्याचा संवाद आहे. पणींनीं तिला बहीण म्हटलें, गाईंचा वांटा देऊं केला. ती बधली नाहीं. यास्कानें तिला 'देवशुनी' म्हटलें आहे. सातव्या मंडलांत सारमेयास, म्हणजे सरमेच्या वंशजास, चोरावर भुंकावयास व रानडुकरास फाडावयास सांगितलें आहे. कौटिल्य तर गोध्यक्षाच्या प्रकरणांत स्पष्टच सांगतो कीं, व्याध व श्वानपालक यांनीं चोर-श्वापदांचें भय दूर केलेल्या रानांतच गुरें चारावीं. या तिन्ही ठिकाणीं कुत्रा माग काढतो, भुंकतो, श्वापदास हुसकतो; गुरें हाकण्याचें काम त्यास कोठेंच सांगितलेलें नाहीं. ही गोष्ट क्षुल्लक नव्हे.

कारण कळपाच्या कुत्र्यांचे मुळांत दोन वर्ग आहेत: एक हाकणारा, दुसरा राखणारा. हाकणाऱ्याचा नमुना म्हणजे इंग्लंड व स्कॉटलंड यांच्या सीमेवरील बॉर्डर कॉली. नॉर्थंबरलंडांत १८९३ सालीं जन्मलेला 'ओल्ड हेंप' नांवाचा कुत्रा या जातीचा मूळपुरुष समजतात. लांडगा शिकार करतो तेव्हां प्रथम टक लावतो, मग दबकत जातो, मग पाठलाग करतो व शेवटीं ठार मारतो. या चार पायऱ्यांपैकीं पहिल्या तीन वाढवावयाच्या आणि चौथी दाबून टाकावयाची, अशी निवड पिढ्यानुपिढ्या करीत गेल्यानें ही जात सिद्ध झाली. म्हणून तो नुसत्या नजरेनें मेंढ्या वळवितो. जेथें लांडगे केव्हांच नाहींसे झाले, तेथेंच असला कुत्रा परवडतो हें ध्यानांत ठेवावें.

आमच्या इकडे गोष्ट उलट. आर्वी, आष्टी, कारंजा या तालुक्यांच्या चढ-उताराच्या मुलखांत नंदगवळी लोक पांढऱ्या शुभ्र, लांबोड्या तोंडाच्या, चपळ अशा गौळाऊ गाई राखतात. धनगरांचीं मेंढरें असतात. कच्छाकडून आलेले रबारी उंट व मेंढ्या घेऊन विदर्भभर फिरतात. या सर्वांचें जनावर माणसाच्या हांकेनें चालतें. गवळी नांव घेऊन बोलावतो आणि गाय मागें येते. तिला पाठीमागून कुत्रा लावण्याची गरजच नसते. उभ्या कपाशींत शिरणारें ढोर वळविणें हें काठीचें व हांकेचें काम. भय असतें तें रात्रींचें. पीक निघाल्यावर शेतकरी आपल्या वावरांत खतासाठीं मेंढ्या बसवितो, त्याचा धान्यानें किंवा पैशानें मोबदला देतो. त्या उघड्या रानांत चोर, लांडगा, बिबट्या यांच्यापुढें मेंढपाळाजवळ एका कुत्र्यावांचून दुसरें काय असतें?

हा कुत्रा दिसावयास आपल्या गांवठी कुत्र्यासारखाच: मध्यम उंची, आंखूड केस, उभे कान, पाठीवर वळलेली शेंपटी. विलायती कुत्री वर्षांतून बहुधा दोनदां माजावर येते, ही एकदांच. त्याचें वैशिष्ट्य रक्तापेक्षां संगोपनांत अधिक आहे. कुत्र्याचें पिल्लूं साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्यापर्यंत ज्यांच्या संगतींत राहतें, त्यांसच तें आपलें गणगोत मानतें, असें प्राणिशास्त्रज्ञ सांगतात. म्हणून कोंकरांत वाढलेला कुत्रा मेंढीवर धांवत नाहीं. तिच्याकडे टक लावूनहि पाहत नाहीं. तो कळपाच्या कडेला निजतो, चाहूल लागतांच भुंकतो. बहुतेक प्रसंगीं हें भुंकणेंच पुरतें, कारण श्वापदाचा सारा भरंवसा आपण दिसूं नये यावर असतो. भाकरी व ताक हा त्याचा मुशाहिरा. बिबट्यास मात्र कुत्र्याचें मांस विशेष आवडतें, त्यामुळें राखणदारच प्रथम बळी पडतो. हिमालयांतील गद्दी मेंढपाळ याचसाठीं आपल्या कुत्र्याच्या गळ्यांत लोखंडी पट्टा बांधतात.

त्या गद्दी कुत्र्यास कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनें २०२५ सालीं स्वतंत्र जात म्हणून नोंदवून घेतलें. त्यापूर्वीं राजापालयम्, चिप्पिपराई व मुधोळ या शिकारी जातींची नोंद झालीच होती. आमच्या गौळाऊ गाईचीहि तेथें नोंद आहे. तिच्या राखणदाराची नाहीं. आम्हांस याचें फारसें वैषम्य वाटत नाहीं. ही जात कागदावर नव्हे, कामावर टिकली आहे. चिंता आहे ती कामाचीच. बोरचें अरण्य १९७० सालीं अभयारण्य व २०१४ सालीं व्याघ्रप्रकल्प झालें. वाघ वांचावा हें योग्यच. पण त्याबरोबर चराईचीं रानें आकसलीं, आणि गवळ्यांचीं मुलें दुसऱ्या धंद्याकडे वळूं लागलीं. कळप मोडला कीं गाय बाजारांत विकली जाते. कुत्र्यास गिऱ्हाईक नसतें. तो गांवांत येतो आणि उकिरड्यावरचा भटका म्हणून गणला जातो.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांची अद्याप खेड्यांत वडिलोपार्जित शेती आहे. मेंढ्या बसविण्याचा करार करतांना, घरच्या मुलांच्या भीतीनें, 'रात्रीं कुत्रा बांधून ठेवा' अशी अट कांहीं शेतमालक घालतात, असें आम्हीं पाहिलें आहे. ही अट घालूं नये. मुलांनींच तेवढे दिवस तळाकडे एकटें फिरकूं नये. कुत्र्यास रेबीजची लस टोचली आहे किंवा कसें, हें मात्र अवश्य विचारावें, आणि टोचली नसल्यास तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांतून ती आपल्या खर्चानें टोचवून द्यावी. एका रात्रीच्या खताच्या मानानें हा खर्च कांहींच नव्हे.