अंगठीतली शाल आणि चिरूची वाट

अंगठीतून आरपार निघणाऱ्या शालीची गोष्ट आपल्याकडे कुणी ऐकलेली नाही? ती काश्मीरची शाहतूश! बोटातली अंगठी काढायची, शालीचे टोक तीत सरकवायचे, की दोन वार लांबीची शाल बघता बघता पलीकडे. ही लोकर येते कुठून, असे विचारले की दुकानदार हमखास सांगे, “तिबेटात एक रानबकरी असते. ती झुडपांना अंग घासते. मागे राहिलेली लोकर गुराख्यांची पोरे वेचून आणतात.” ऐकून गृहिणीला बरे वाटे. किंमत ऐकून यजमानांना काय वाटे, ते सोडून देऊ!

ही गोड कथा खोटी आहे, हे जगाला पटवण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे, ते डॉ. जॉर्ज शॅलर शालीच्या शोधात मुळीच नव्हते. ते निघाले होते खुरांच्या मागावर.

शॅलर यांचा जन्म १९३३ सालचा, बर्लिनचा. पुढे मुलगा अमेरिकेत वाढला आणि प्राणिशास्त्रज्ञ झाला. १९५९ साली त्यांनी आफ्रिकेत गोरिलांचा अभ्यास केला, तोही हाती बंदूक न घेता. १९६३ ते १९६५ या काळात ते आपल्या कान्हाच्या जंगलात होते. पत्नी आणि दोन लहानगे मुलगे बरोबर! वाघ आणि चितळ-बारशिंगे यांच्या नात्यावरचे त्यांचे पुस्तक १९६७ साली निघाले आणि ते आजही अभ्यासकांना लागते.

पन्नाशी उलटल्यावर माणूस निवांत खुर्ची शोधतो. शॅलर यांनी तिबेटचे चांगतांग पठार शोधले. पंधरा-सोळा हजार फूट उंची, हिवाळ्यात शून्याखाली चाळीस अंशांपर्यंत जाणारी थंडी आणि मैलोगणती माणूस नाही. इथे राहतो चिरू. याला हरीण म्हणतात खरे, पण गोत्र शेळ्या-मेंढ्यांच्या जवळचे. नराची शिंगे लांब आणि जवळजवळ सरळ उभी. बाजूने पाहिले तर दोन्ही मिळून एकच दिसते. एकशिंगी घोड्याच्या दंतकथेशी काहींनी त्याचा संबंध जोडला, तो यामुळेच.

मार्गशीर्षाच्या सुमारास नर-माद्या एकत्र येतात. वसंत सरला की माद्या आपल्या वर्षाच्या लेकींना घेऊन उत्तरेची वाट धरतात. नर मागेच! आपल्याकडे लेक बाळंतपणाला माहेरी जाते. पण या माहेरी ना चारा धड, ना ऊब. दोनशे मैल चालून त्या जातात ते आणखी उजाड मुलखात. तिथे जूनमध्येही बर्फ पडते. जूनअखेर ते जुलैच्या आरंभी पिल्ले होतात आणि काही आठवड्यांत पिल्लांसह परतीचा प्रवास सुरू होतो. तिकडे लांडगे कमी, चावरी माशी कमी, माणूस आणि त्याची गुरे तर नाहीतच. म्हणून हा खटाटोप असावा, असे अभ्यासकांना वाटते.

पश्चिमेकडच्या कळपांची ही बाळंतिणीची जागा शॅलर यांना अनेक वर्षे हुलकावणी देत राहिली. उन्हाळ्यात गोठलेली जमीन विरघळे, मोटारी चिखलात रुतत आणि परतावे लागे. शेवटी २००२ साली रिक रिजवे यांच्यासह चौघे गिर्यारोहक, मोटारीचा नाद सोडून, सामानाच्या हातगाड्या स्वतः ओढत महिनाभर चालले आणि त्या जागी पोहोचले. वाट विचारली होती अर्थात शॅलर यांनाच.

घाई होती, कारण दुसरेही कुणी या वाटेवर होते. चांगतांगच्या बऱ्याच भागात कमरेइतके झुडूपसुद्धा उगवत नाही. मग चिरू अंग घासणार कशाला? शॅलर यांना दिसल्या त्या मारलेल्या चिरूंच्या कातड्या आणि त्यांवरून उपटलेली लोकर. एका शालीला तीन ते पाच जिवांची लोकर लागते. ती चोरवाटेने नेपाळमार्गे काश्मीरला जाई. आणि बदल्यात भारतातून वाघाची हाडे तिकडे जात, असे १९९० च्या दशकात उघडकीस आले. कान्हाच्या अभ्यासकाला हे ऐकून काय वाटले असेल!

विसाव्या शतकाच्या आरंभी दहा लाखांच्या घरात असावेत असे मानले जाणारे चिरू १९९० च्या दशकात पाऊण लाखाच्या आत आले, असा शॅलर यांचा अंदाज होता. १९९४ साली कोकोशिलीच्या पठारावर सोनम दारग्ये हा तिबेटी अधिकारी शिकारचोरांशी लढताना मारला गेला. शाहतूशच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९७९ पासूनच बंदी होती. पण जम्मू-काश्मीरने ती आपल्या कायद्यात आणली २००२ साली. श्रीनगरच्या विणकरांच्या चुलीचा प्रश्न त्यामुळे उभा राहिला, हेही सांगितले पाहिजे. त्यांच्यातले बरेच जण पश्मिन्याकडे वळले. ती लोकर पाळीव बकरीची, विंचरून काढलेली.

शॅलर यांच्या आग्रहाचे एक फळ १९९३ सालीच मिळाले होते. चांगतांगमध्ये जवळजवळ आपल्या महाराष्ट्राएवढे अभयारण्य जाहीर झाले. पहारा वाढला, कळप पुन्हा भरू लागले आणि २०१६ साली चिरूचे नाव ‘संकटग्रस्त’ प्राण्यांच्या यादीतून दोन पायऱ्या खालच्या धोक्यात आले. २००६ साली तिबेटला रेल्वे गेली, तेव्हा रुळांखालून कळपांना जायला वाटा ठेवल्या होत्या. पहिल्यांदा माद्या बिचकल्या, घुटमळल्या. आता पिल्लांना घेऊन पुलाखालून जातात.