भाडं ठरतं, बाकीचं राहून जातं

गोव्याच्या सीमेवरच्या बांद्यात पूर्वी घर शोधणारे ठरलेले असत: बदलीवर आलेले मास्तर, बँकेतला नवा कारकून, एसटीतला कोणीतरी. मिळायची ती मालकाच्या घरालगतची खोली. सामान म्हणजे फार तर एक खाट. बोलणी भाड्यापेक्षा पाण्यावर अडायची. "भाड्याचा मागीर बघूया काकानू, बाव मे म्हयन्यात आटता काय ता सांगा," एवढं विचारून झालं की व्यवहार मिटला. कागद करणं म्हणजे अविश्वास दाखवणं, अशीच दोघांची समजूत.

पत्रादेवीचा नाका ओलांडून रोज गोव्यात कामाला जाणारी पोरं वाढली, तसं हे चित्र बदललं. ऑगस्ट 2019 मध्ये तेरेखोल नदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, 2021 च्या जुलैत पुन्हा शिरलं. आता तळमजला बघणारा पहिल्यांदा विचारतो, "पाणी खंयपर्यंत इल्ला?" आणि त्यावर भाडं उतरवून मागतो. मधल्या 2020 च्या टाळेबंदीत सीमा बंद झाली आणि गोव्यातल्या नोकऱ्या पलीकडेच राहिल्या. तेव्हा भाडं थांबवायचं की निम्मं घ्यायचं, हे ज्याच्या त्याच्या भिडेवर ठरलं. लिहिलेलं काहीच नव्हतं.

जानेवारी 2023 पासून गोव्यातल्या मोपा विमानतळावरून विमानं उडू लागली आणि 'फर्निश्ड फ्लॅट' हे शब्द बांद्यात रुळले. खरी भांडणं इथून सुरू झाली. कोकणात फ्लॅट जून-जुलैत बंद ठेवला की गादीला बुरशी येते, प्लायवूडचं कपाट फुगतं, दार लागेनासं होतं. घर सोडताना मालक म्हणतो, तुम्ही मोडलंत. भाडेकरू म्हणतो, पावसाने केलं. डिपॉझिट अडकतं ते याच फुगलेल्या दारात. म्हणून राहायला जायच्या दिवशी पंखे, गिझर, इन्व्हर्टर, गाद्या यांची यादी करून दोघांनी सह्या कराव्यात, प्रत्येक कपाट उघडून फोटो काढावेत आणि दुरुस्ती कोणाकडे तेही लिहावं. एवढं करायचं असेल तर भाड्यात पाचशे रुपये कमी-जास्त झाले तरी माझी हरकत नाही. रिकामा फ्लॅट घेणाऱ्याला मात्र हा ताप नाही. माझं मत विचाराल तर इथल्या हवेत रिकामाच बरा.

विकत घेणाऱ्यांची गोष्ट वेगळी. मे 2017 पासून राज्यात महारेरा, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांचं नियामक प्राधिकरण, आहे. करार नोंदवण्याआधी बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही आणि क्षेत्रफळ कार्पेटमध्ये सांगावं लागतं. पण आठ किंवा त्याहून कमी सदनिकांच्या प्रकल्पाला महारेराची नोंदणी लागत नाही आणि गावाकडच्या इमारती बहुधा लहानच असतात. तिथे दर पाडून घेण्याआधी बिनशेतीचा आदेश आणि सातबारा बघायचा. सामाईक जमिनीचे हिस्सेदार मुंबईत असतात आणि सही राहिलेला एक जरी निघाला तरी सगळं अडतं.

पुन्हा भाड्याच्या घराकडे येऊ. भाड्याच्या कराराला लोक अजून 11 महिने लिहितात आणि नोटरीवर भागवतात. अशा लिव्ह अँड लायसन्स कराराचं मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का असतं. महिना 6,000 रुपये भाडं धरलं तर 11 महिन्यांचे जेमतेम 165 रुपये. डिपॉझिटवर धरलेल्या व्याजापोटी त्यात किरकोळ भर पडते. ग्रामीण भागात नोंदणी फी 500 रुपये. घर देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने ती निम्मी-निम्मी भरावी आणि करार नोंदवून घ्यावा.