पैसा आपला असला की ग्रामसभा भरते

मार्च महिन्यात घरपट्टीची मागणीबिलं घेऊन दारोदार फिरायचं काम मी नोकरीभर केलं. गडचिरोली जिल्ह्यात मी ग्रामसेविका होते, आता निवृत्त होऊन मूल या गावी राहते. या पदाला २०२४ पासून ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, पण लोकांच्या तोंडी अजून ग्रामसेवकच आहे. वसुलीला गेलं की एक प्रश्न हमखास यायचा, "मॅडम, आमच्याकडून नेता, पण देता काय?" काही सहकाऱ्यांना तो उर्मट वाटे. मला तो कधीच तसा वाटला नाही. कर भरणाऱ्या माणसाने विचारायचा तो पहिलाच प्रश्न आहे, आणि जंगलाच्या मुलखात त्याचं खरं उत्तर देणं फार अवघड आहे.

आधी घरपट्टी कशी बसते ते सांगते, कारण शिकलेल्या लोकांनाही ते ठाऊक नसतं. महाराष्ट्रात ग्रामपंचायत घराच्या भांडवली मूल्यावर कर लावते. बांधकाम किती, त्या भागाचा सरकारी दर काय, घर किती जुनं, वापर राहण्याचा की दुकानाचा, यावरून मूल्य निघतं. मग हजार रुपयांमागे किती पैसे घ्यायचे हे शासनाने घातलेल्या किमान-कमाल मर्यादेत ग्रामपंचायत ठरवते. दर चार वर्षांनी आकारणी पुन्हा होते आणि ती नमुना नंबर ८ मध्ये लिहिली जाते. यादी आधी लोकांसमोर ठेवून हरकती मागवाव्या लागतात. हरकत घ्यायला फारसं कोणी येत नाही, आणि वसुलीच्या दिवशी मात्र वाद होतो.

आता धानोरा किंवा कोरचीकडचं एखादं गाव डोळ्यांपुढे आणा. मातीच्या भिंती, वर कवेलू, पन्नास-साठ घरं आणि चारही बाजूंनी जंगल. गडचिरोली जिल्ह्याच्या तीन चतुर्थांशाहून अधिक भागावर वन आहे. या जंगलाची नमुना ८ वर नोंद नाही, म्हणजे गावाच्या सर्वात मोठ्या संपत्तीवर ग्रामपंचायतीला एक पैसा कर मिळत नाही. जो मिळतो तो मातीच्या घरांकडून. त्यातून दिवाबत्ती, शिपायाचा पगार आणि नळयोजनेची दुरुस्ती. शिवाय स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला-बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. हा नियम योग्यच आहे. पण उत्पन्नच काही हजारांचं असेल तर ५ टक्क्यांत कोणाचं काय होणार?

मोठी रक्कम येते ती वरून, आणि येताना अटी घेऊन येते. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधलेली होती. गावाला जंगलातल्या वाटेवर छोटा पूल हवा असायचा आणि आराखड्यात नाली बसायची. ग्रामसभेत लोक सही करून उठून जायचे. गणपूर्ती झाली नाही की सभा तहकूब, आणि तहकूब झालेल्या साध्या ग्रामसभेला गणपूर्तीची अट नाही. दहा माणसांसमोर वर्षभराचा खर्च मंजूर होतो. लोक उदासीन आहेत, असं आम्ही अहवालात लिहीत होतो. मी ते वाक्य मनापासून कधीच मानलं नाही.

हीच माणसं एकदा मध्यरात्रीपर्यंत बसलेली मी पाहिली आहेत. विषय होता तेंदूपत्त्याची रॉयल्टी.

तेंदूचा हंगाम मे महिन्यातला, जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. पहाटे जंगलात जायचं, पानं तोडायची, घरी आणून ७० पानांचं एक पुडकं बांधायचं आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेऊन द्यायचं. अशा १००० पुडक्यांची एक गोणी. पूर्वी लिलाव वनखातं करायचं, लोकांना मिळायची मजुरी. वनहक्क कायदा आणि पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, यांच्या आधारे ग्रामसभा स्वतः लिलाव करू लागल्या, तेव्हा मजुरीच्या वर रॉयल्टीही गावाच्या खात्यात येऊ लागली. ते सगळं गाव खात्यावरच्या आकड्याकडे बघत बसलं होतं. मी बोलवायला गेले नव्हते.

वाद सरळ होता. तरुण म्हणत होते, ज्याने जितकी पुडकी दिली त्या हिशेबाने सगळी रक्कम वाटून टाका, घाम आमचा आहे. एक म्हातारी उठली. तिला आता जंगलात जाणं होत नव्हतं. ती म्हणाली, "जंगल का तुमीच राखलं? आग लागे तवा आमी गेलो नाई का?" मग चर्चा दुसऱ्याच वळणावर गेली. जंगलाचा पैसा तोडणाऱ्याचा की राखणाऱ्याचा? एकाने देवीच्या सभामंडपाचा विषय काढला. बायकांनी विहिरीचा गाळ काढायचा विषय लावून धरला. कोणी विचारलं, पुढच्या वर्षी भाव पडला आणि व्यापाऱ्याने हप्ता थकवला तर कोर्टकचेरीला पैसे कुठून आणायचे? हा प्रश्न अनुभवातून आलेला होता. शेवटी बहुतेक रक्कम पुडक्यांप्रमाणे वाटायची, एक हिस्सा ग्रामकोषात ठेवायचा आणि त्यातून आधी विहीर, असं ठरलं. मंडप मागे पडला. ज्यांना तो हवा होता ते रुसले, पण पुढच्या सभेला आले.

अंदाजपत्रकावरची चर्चा ती हीच. कर, वाटप, राखीव निधी, आज आणि उद्या यांतलं कोणतं आधी, हे सगळं तिथे होतं. फरक एवढाच की पैसा आपला आहे यावर सगळ्यांचा विश्वास होता.

हा विश्वास फुकट मिळालेला नाही. या मुलखातला बांबू कित्येक वर्षं बल्लारपूरच्या कागद कारखान्याला जात राहिला आणि बांबूच्या बेटाशेजारी राहणाऱ्या माणसाला टोपलीपुरता बांबू तोडायची चोरी होती. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचं छोटं गाव या प्रश्नाशी भिडलं. देवाजी तोफा हे गावातले पुढारी आणि 'वृक्षमित्र' संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल हे सोबतीला. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा याच गावची. निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने घ्यायचा. त्यासाठी आधी अभ्यासगटात विषय समजून घ्यायचा. मजुरीतला दहावा हिस्सा ग्रामकोषात टाकायचा. हा कर कोणी वरून लादला नाही, गावाने स्वतःवर लावला. घरपट्टीसाठी दारोदार फिरलेल्या माझ्यासारखीला याचं मोल वेगळं सांगायला नको.

२००९ मध्ये मेंढ्याला १,८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. देशात असा हक्क सर्वात आधी मिळालेल्या गावांत मेंढा आणि मारदा ही गावं आहेत. तरी बांबू विकता येईना. तोडलेला बांबू गावाबाहेर न्यायला वाहतूक परवाना लागतो, आणि वनखातं म्हणे बांबू हे झाड आहे, गौण वनोपज नव्हे. २००६ च्या वनहक्क कायद्यात तर बांबू गौण वनोपजात स्पष्ट लिहिलेला आहे. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्याला आले आणि परवानापुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. एका परवान्यासाठी केंद्रीय मंत्री आणि मुख्यमंत्र्यांना जंगलातल्या गावी यावं लागलं, यावरून अडथळा किती पक्का होता ते समजा.

पुढे २०१३ मध्ये गावाने आपली सगळी शेतजमीन १९६४ च्या महाराष्ट्र ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेच्या नावे करायचा निर्णय घेतला. कसायचा हक्क कुटुंबाकडेच राहतो, वारसांना मिळतो, पण जमीन बाहेरच्याला विकता येत नाही. या निर्णयावर सरकारी मोहोर उमटायला हायकोर्टात जावं लागलं आणि २०२४ साल उजाडलं.

चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातलं पाचगाव मला आणखी जवळचं वाटतं, कारण तिथल्या लोकांनी हाती आलेला पैसा सोडला. २०१२ मध्ये त्यांना सुमारे १,००० हेक्टरवर हक्क मिळाला. बांबूचं उत्पन्न सुरू झालं. तेंदूचं काय करायचं यावर चर्चा झाली. पानं चांगली यावीत म्हणून झुडपं छाटतात, जमिनीला आग लावतात. फळ येत नाही, जंगल जळतं. गावाने ठरवलं, तेंदूपत्ता तोडायचा नाही. जंगलाचा एक तुकडा देवराईसारखा पूर्ण राखून ठेवला. जमिनीचा वापर कसा करायचा याबद्दल इतका विचारपूर्वक निर्णय मोठ्या शहरांच्या विकास आराखड्यातही मला क्वचित दिसतो.

पेसा क्षेत्रात २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के निधी थेट ग्रामपंचायतींना मिळू लागला, तोही अबंध. हे चांगलं पाऊल आहे. २०१४ च्या पेसा नियमांमुळे टोल्याला, म्हणजे मुख्य गावापासून वेगळ्या वस्तीला, आपली वेगळी ग्रामसभा घोषित करता येते, हे त्याहून मोठं. गट ग्रामपंचायतीत सभा मोठ्या गावात भरते. टोल्यावरच्या बाईने मजुरी बुडवून तीन-चार किलोमीटर चालत यावं आणि तिथे पुरुषांच्या मागे बसावं, ही काही चर्चा नव्हे. कोरचीत ९० गावांनी महाग्रामसभा उभी केली तेव्हा प्रत्येक गावातून दोन पुरुष आणि दोन बाया प्रतिनिधी घ्यायचं ठरवलं. बायांच्या जागा आधीच राखल्या, म्हणून बाया बोलू लागल्या.

सभा कुठे भरते याला किती महत्त्व आहे, हे सुरजागडने दाखवलं. एटापल्ली तालुक्यातल्या या डोंगरावर २००७ मध्ये सुमारे ३४८ हेक्टरचा लोहखनिजाचा पट्टा दिला गेला. उत्खननाची क्षमता वाढवण्यासाठी ऑक्टोबर २०२२ मध्ये पर्यावरणीय जनसुनावणी झाली, ती शंभर किलोमीटरहून दूर गडचिरोलीच्या जिल्हाधिकारी कार्यालयात. डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या माडिया आदिवासी माणसाने आपल्या जमिनीबद्दल बोलायला जिल्ह्याच्या ठिकाणी यायचं, हे मला मान्य नाही. खाणीमुळे रोजगार आला, हे मी नाकारत नाही. खनिजाच्या स्वामित्वधनाच्या प्रमाणात जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडेही रक्कम जमा होते, जुन्या पट्ट्यांबाबत ३० टक्के. पण तिचं काय करायचं हे जिल्हा पातळीवरची समिती ठरवते. ज्या गावातून खनिजाचे ट्रक जातात, तिथल्या ग्रामसभेने आधी आपली यादी करावी आणि समितीने त्या यादीवरूनच कामं घ्यावीत, एवढं तरी व्हायला हवं.

लोकांना वाद घालायला शिकवावं लागत नाही. उत्पन्नावर हक्क, जमिनीवर शब्द आणि सभा आपल्या दारात, एवढं द्या. बाकी ते करतात.

आणि तुम्ही जंगलात राहत नसाल, तरी ग्रामपंचायत तुमचीही आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ८ नुसार दर आर्थिक वर्षाच्या पहिल्या ग्रामसभेत मागच्या वर्षाचा जमाखर्च आणि पुढची कामं लोकांसमोर ठेवणं ग्रामपंचायतीला बंधनकारक आहे. त्या सभेला जा. नमुना ८ वर आपल्या घराची नोंद वाचा, जमाखर्चाचं पान मागून घ्या, आणि खर्चाची एखादी ओळ समजली नाही तर उभं राहून विचारा. आम्हा कर्मचाऱ्यांना उत्तर द्यावंच लागतं.