काळ्या थरातली चांदी

ओल्या फडक्यावर चिमूटभर रांगोळी घेऊन चांदीची वाटी घासली, की दोन मिनिटांत वाटी लखलखते आणि फडकं काळंकुट्ट होतं. घासणाऱ्याला बरं वाटतं, मळ निघाला म्हणून. त्या काळ्या थराचं नाव सिल्व्हर सल्फाइड, आणि त्यात वजनाने शंभरातले ८७ भाग चांदी असते. उरलेले १३ गंधक. म्हणजे फडक्याबरोबर मोरीत वाहून जाते ती बहुतेक चांदीच. एका वेळी जाते ती इतकी थोडी, की सोनाराच्या काट्यालाही कळू नये. पण जुन्या घरातले देवाचे टाक पाहिले की सगळा हिशेब डोळ्यांपुढे येतो. आमच्याकडे खंडोबाचा एक टाक आहे. घोडा ओळखू येतो, तलवार कशीबशी लागते, देवाच्या चेहऱ्याला मात्र नाक नाही, डोळे नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या दसऱ्याला देव उजळायला काढले गेले आणि प्रत्येकीने तो भक्तिभावाने घासला.

गौरींच्या आदल्या आठवड्यात माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली येते. आत पळी-पंचपात्री, ताम्हन, हळदीकुंकवाची कोयरी, अत्तरदाणी-गुलाबदाणीची जोडी, नैवेद्याचं ताट नि वाट्या, घरातली कितीतरी बाळं ज्यातून दूध प्यायली ते बोंडलं, आणि आत्याचे हुपरीचे पैंजण. निरांजनं आणि फुलपात्र पेटीत नसतात, ती रोजच्या वापरातली. पण उजळण्याच्या कामाला तीही येऊन बसतात.

पेटीतलं सगळं सारखं काळं नसतं, हे आधी नीट बघून घ्यावं. ताटाची कड नुसती पिवळसर झालेली असते, जणू सोन्याचं पाणी दिलंय. मधला भाग तांबूस, काही ठिकाणी जांभळा-निळा, आणि वाटीच्या बुडाला पक्का काळा. थर अगदी पातळ असतो तोवर त्याच्या जाडीप्रमाणे उजेड वेगवेगळ्या रंगात परततो, म्हणून ही रंगपंचमी. पिवळा डाग कोवळा, निळा मुरलेला, काळा जुनाट. पिवळ्या अवस्थेतच हात लावला तर नुसतं साबणपाणी आणि मऊ फडकंही पुष्कळदा पुरतं.

लोखंडाला प्राणवायू आणि पाणी मिळून गंजवतात. चांदीचं साध्या हवेतल्या प्राणवायूशी काही वाकडं नसतं. तिला गाठतो तो गंधक. हवेत हायड्रोजन सल्फाइड नाममात्र असला तरी तो पुरतो, आणि हवा दमट असली की काम वेगाने होतं. म्हणून पावसाळा उलटताना पेटी उघडली की चांदी सगळ्यात वाईट दिसते. खाडीकाठी किंवा उघड्या नाल्याशेजारी राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. घरातही गंधक कमी नसतो. अंड्यात असतो, कांद्या-लसणात असतो, हिंगाच्या उग्र वासामागेही तोच असतो. पादेलोणाचा तो ओळखीचा वास तर सल्फाइडचाच. चांदीच्या वाटीत पादेलोण घातलेलं ताक ठेवून विसरलात तर वाटी ते लक्षात ठेवते. आणि रबरबँड! रबर टिकाऊ करायला त्यात गंधक घालतात. चमच्यांची जुडी रबरबँडने बांधून ठेवली, तर वर्षाने प्रत्येक चमच्यावर नेमका त्या जागी काळा पट्टा उमटलेला असतो, मध्ये कागद असला तरी.

आता उजळण्याचा मार्ग. तो बहुतेकांनी ऐकलेला आहे: अ‍ॅल्युमिनियम फॉइल, खाण्याचा सोडा, गरम पाणी. पण करून पाहिलेल्या निम्म्या लोकांची तक्रार असते की चमत्कार झालाच नाही. कारण खरी मेहनत त्याच्या आधीची असते आणि ती कुणी सांगत नाही.

निरांजन घ्या. त्यावर सल्फाइड फारसं नसतंच. असतो तो तुपाचा राप आणि वातीची काजळी. काजळी म्हणजे कार्बन, त्यावर सोडा-फॉइलची मात्रा चालत नाही. आणि तुपाचा पापुद्रा असेल तिथे पाणी धातूपर्यंत पोहोचतच नाही. तेव्हा आधी सगळी भांडी कडकडीत पाण्यात भांड्यांचा साबण घालून भिजवायची. साबणापेक्षा मला रिठे आवडतात. रात्री भिजत घालायचे, सकाळी उकळून कुस्करायचे, गाळून घ्यायचे. सोनारही दागिने धुताना पिढ्यान्‌पिढ्या रिठ्याचंच पाणी वापरत आले आहेत. तूप सुटतं, फेस फार होत नाही, नक्षीत साबण अडकून राहत नाही. खोबणीतल्या काजळीला जुना, केस मऊ झालेला टूथब्रश. कोयरीच्या कोपऱ्यातल्या कुंकवाला उदबत्तीच्या उरलेल्या काडीवर गुंडाळलेला कापूस. सुई, पिन, सुरीचं टोक कशालाही लावायचं नाही. तो ओरखडा कायमचा.

कोयरीत हळद राहून गेली तर पुढे सोड्याच्या पाण्यात ती एकदम लाल होते. पहिल्यांदा पाहणारा दचकतो. हळदीला खार लागला की ती लाल होते, हळदीचं कुंकू करतात तेही याच गुणावर. पाणी टाकून द्यायचं, बाकी काही नाही.

फॉइल आणायचीच असं नाही. घरात जुनं जर्मनचं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं, पातेलं असेल तर ते काथ्याने आतून खरवडून घ्या, काम तेच करतं. नंतर त्यात स्वयंपाक मात्र करू नये, याच कामाला ठेवून द्यावं. नसेल तर स्टीलच्या परातीत फॉइल अंथरायची. चकचकीत बाजू वर की खाली याने फरक पडत नाही. लिटरभर पाण्याला मोठा चमचा सोडा आणि तेवढंच मीठ, असा माझा अंदाज. पाणी उकळतं हवं. भांडी आधी मांडायची, मग पाणी ओतायचं. सोडा फसफसतो, म्हणून परातीला काठ उंच असावा.

आत जे घडतं ते असं. अ‍ॅल्युमिनियम आपले इलेक्ट्रॉन सहज सोडतं. खारट पाण्यात ते चांदीला टेकलं की तिथे एक लहानसा विद्युतघट तयार होतो. इलेक्ट्रॉन चांदीकडे जातात, सल्फाइडमध्ये अडकलेली चांदी पुन्हा धातू होऊन जागच्या जागी बसते आणि गंधक सुटून जातो. सोडा अ‍ॅल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा पापुद्रा विरघळवतो, मीठ वीज वाहायला मदत करतं, गरम पाण्याने सगळ्याला वेग येतो. हे समजून घेतलं की सगळ्या सूचना आपोआप सुचतात. भांडं फॉइलला टेकलंच पाहिजे, नुसतं पाण्यात तरंगून भागत नाही. एकावर एक रचायची नाहीत. वाटी पालथी घालून मग उलटायची. पाणी निवलं की काम मंदावतं, तेव्हा ताजं घ्यायचं.

पैंजण टाकले तेव्हा सगळे बघायला येऊन बसतात, कारण तिथे हे सगळ्यात स्पष्ट दिसतं. साखळीच्या कड्या, घुंगरांच्या आतली बाजू, जिथे कुठलंही फडकं पोहोचणार नाही, तिथला काळेपणा डोळ्यांदेखत विरतो. फॉइलला टेकलेल्या कड्या आधी पांढऱ्या होतात, मग शेजारच्या. फॉइल मात्र डागाळते, खरखरीत होते. आणि वास येतो.

आत्या एकदा आतून ओरडली होती, "अगं, गौरी उद्यावर आल्यात आणि तू अंडी उकडत्येस?"

सडक्या अंड्याचा तो वास सुटलेल्या गंधकाचा, म्हणजे काम होत असल्याची पावती. घरगुती प्रमाणात वायू थोडाच निघतो, पण खिडकी उघडी हवी, आणि ढीगभर भांडी असतील तर गच्चीत किंवा अंगणात बसावं.

पाण्यातून काढलेली चांदी थोडी निस्तेज, पांढुरकी दिसते आणि इथेच पुष्कळांचा हिरमोड होतो. परत बसलेली चांदी सच्छिद्र असते, तिला आरशासारखी चकाकी नसते. दोन पाण्यांतून खळबळून, शेवटचं पाणी फिल्टरचं घेऊन (बोअरिंगच्या पाण्याचे पांढरे ठिपके राहतात), लगेच कोरडं करायचं आणि मग जुन्या धुवट धोतराच्या तुकड्याने हलक्या हाताने, एकाच दिशेने पुसत राहायचं. तेवढ्याने चकाकी येते. हे टाळलं तर तीच सच्छिद्र चांदी आधीपेक्षा लवकर काळवंडते.

चिंच-लिंबाबद्दल एवढंच, की तांब्या-पितळेवरचं त्यांचं यश चांदीवर चालत नाही. तांब्यावरचा काळा-हिरवा थर आंबटात विरघळतो. सिल्व्हर सल्फाइड चिंचेला दाद देत नाही. टूथपेस्टने चमक येते ती घासण्याने. पुष्कळ पेस्टींत सिलिका असते, आणि चांदी तर मऊ धातू, नखाहून जराच कठीण. रांगोळी दगडाचीच पूड. बाजारातल्या डिपमध्ये बुडवली की चांदी क्षणात उजळते खरी, पण असल्या द्रावांत बहुधा थायोयुरिया आणि आम्ल असतं. ज्या वाटीत बाळाला भात भरवायचा ती त्यात बुडवायला माझं मन धजत नाही. घासायचंच असेल तर पांढऱ्या खडूची वस्त्रगाळ पूड, पाण्यात कालवून, बोटाने. तीही हट्टी डागापुरती.

पण काही वस्तू या पाण्यात घालूच नयेत, आणि हे मी जरा आग्रहाने सांगते. पुष्कळ टाक तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा ठसा बसवून केलेले असतात. दोन पत्र्यांच्या मध्ये खारं पाणी शिरलं की ते निघत नाही आणि तांबं आतून खात राहतं. पोकळ वाळे, जाड गोठ, काही जुन्या मुठी यांत लाख भरलेली असते, ती गरम पाण्यात मऊ होऊन बाहेर येते. मोती, पोवळं, चिकटवलेले खडे अर्थातच नाहीत. मुद्दाम गंधकाच्या खाराने काळवलेले, ऑक्सिडाइज्ड म्हणून विकले जाणारे दागिने टाकलेत तर कारागिराचं सगळं काळं धुऊन निघेल. नक्षीच्या भांड्यांनाही मी आता पूर्ण बुडवत नाही. गुलाबदाणीवरच्या वेलबुट्टीला उठाव येतो तो खोबणीतल्या काळ्या रेषेमुळे. ती गेली की नक्षी सपाट दिसते. त्यासाठी कोमट सोडापाण्यात भिजवलेला फॉइलचा मऊ चुरगळा उंच भागावर अलगद टेकवत न्यायचा, दाबायचं नाही.

जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नसतेच. तांबं, निकेल आणि जस्त असतं. त्याला नुसतं साबणपाणी. मुलामा दिलेल्या भांड्यावर कडेला पितळेचा पिवळेपणा डोकावायला लागला असेल, तर कितीही उजळलं तरी तो झाकला जाणार नाही.

लक्ष्मीपूजनाला काढतो त्या राणी छाप रुपयांना तर हातच लावू नये. त्या रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, त्यात ९१.७ टक्के चांदी. संग्राहक त्याच्या जुन्या करड्या झाकेचे पैसे देतात, घासून चकचकीत केलेल्या नाण्याचा भाव उतरतो. १९४० पासून रुपयात चांदी निम्मीच राहिली, बाकी बरंचसं तांबं. ती नाणी सोडापाण्यातून लालसर, डागाळलेली निघतात. दोन्हींना पूजेआधी मऊ फडक्याने पुसून घेणं पुरेसं आहे.

परत ठेवताना वर्तमानपत्र नको, लोकरीचं कापड नको, रबरबँड तर नकोच. धुतलेल्या, बिनखळीच्या मलमलीत गुंडाळून, हवाबंद प्लास्टिकच्या पिशवीत, सोबत दमटपणा ओढून घ्यायला एखादा खडू किंवा सिलिका जेलची पुडी. भांडं पूर्ण कोरडं असेल तरच पिशवी बंद करायची, नाहीतर दमटपणाच कोंडला जातो. आमच्याकडे कापराची वडीही टाकतात. मी अडवत नाही.

आणि शेवटी एक निरीक्षण, जे दरवर्षी तसंच निघतं. पेटीतलं ताट काळं होतं, बोंडलं काळं होतं, पण रोज पाणी प्यायचं फुलपात्र कधी नुसतं पिवळसुद्धा पडत नाही. रोज धुतलं-पुसलं जातं, थर साचायला सवडच मिळत नाही. तेव्हा नैवेद्याच्या वाट्या-चमचे माळ्यावर कोंडू नका, जेवायला काढा. अंडं आणि पादेलोण त्यात घालू नका, जेवण झाल्यावर लगेच धुऊन कोरडे करा. असं केलंत तर सोडा-फॉइल वर्षातून एकदा पुरेल. आणि झिजलेले टाक असतील तर ते घरी न उजळता जाणत्या सोनाराकडे द्या; घासून गेलेलं नाक परत बसवता येत नाही, पण उरलेले डोळे तरी राहतील.