सर्व्हर उभारण्यापूर्वीं

ज्या घरांत दोन्ही वेळां तीस-तीस पानें मांडावीं लागतात, त्या घरच्या गृहिणीस कोठीचा हिशेब कोणीं शिकवावा लागत नाहीं. खाणारीं माणसें किती, कोणती वस्तु कोठें, किल्ली कोणाच्या कमरेला, आणि अडचणीच्या दिवसाची तजवीज काय, हे चार प्रश्न तिनें आधींच सोडविलेले असतात. मोठ्या संस्थेसाठीं संगणकांचा सर्व्हर उभारतांना नेमके हेच चार प्रश्न सोडवावे लागतात, ही गोष्ट आम्हांस उशिरां, आणि एक ठेच खाऊन, कळली. ती ठेच वाचकांच्या उपयोगीं पडावी म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही ज्या शाळेंत संस्कृत शिकवीत होतों, तेथें जनरल रजिस्टरांतील नोंदी संगणकावर चढविण्याचें कामही आमच्याकडे होतें. दर शनिवारीं एक वेगळी डिस्क जोडावी, नक्कल पूर्ण झाल्याचीं अक्षरें पडद्यावर उमटलीं कीं ती काढून कपाटांत कुलपाखालीं ठेवावी, हा नेम आम्हीं दोन वर्षें चुकविला नाहीं. पुढें मूळ डिस्क एकाएकीं निकामी झाली. आम्हीं निश्चिंत मनानें कपाट उघडलें, तों नकलेच्या डिस्कवर एकही नोंद नाहीं! मूळ नोंदी मध्यंतरीं दुसऱ्या फोल्डरांत हलविल्या होत्या. तेव्हांपासून आम्ही दर शनिवारीं रिकाम्या फोल्डरची नक्कल भक्तिभावानें करीत होतों.

त्याच आठवड्यांत आमचा एक जुना विद्यार्थी शाळा सोडल्याच्या दाखल्याची दुसरी प्रत मागण्यास आला. त्यास परगांवीं नोकरीवर रुजू व्हावयाचें होतें. "उद्यां ये," असें आम्हीं त्यास सांगितलें. माळ्यावरील कागदी रजिस्टरास वाळवी लागलेली. त्याचें पान शोधून, जुळवून, खरें करून घेण्यास तीन आठवडे लागले. तोंवर रुजू होण्याची मुदत टळली. तो मुलगा आम्हांस एक शब्दही बोलला नाहीं, हें आम्हांस अधिक लागलें.

पुढें त्याच संस्थेनें आपल्या चार इमारतींतील सुमारें पांचशें संगणकांसाठीं नवा सर्व्हर मांडण्याचें ठरविलें. आमचा पुतण्या याच व्यवसायांतला. त्यानें आराखडा केला आणि आम्ही शेजारीं बसून टिपणें केलीं. सर्व्हर म्हणजे इतर संगणकांची सेवा करणारा संगणक. त्यावर लिनक्स घालावयाचें ठरलें. १९९१ सालीं हेलसिंकी विद्यापीठांतील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनीं हिचा गाभा लिहिला, आणि १९९२ पासून तो अशा परवान्याखालीं आहे कीं, कोणीही त्याचें मूळ लेखन वाचावें, सुधारावें व दुसऱ्यास द्यावें. त्यांतही डेबियन हा संच निवडला. १९९३ पासून तो स्वयंसेवक मिळून चालवितात. दिल्यानें जें वाढतें, त्या धनाची गोडी शिक्षकास निराळी सांगावयास नको.

परंतु पहिले आठ दिवस पुतण्यानें यंत्रास हात लावला नाहीं. "काका, आधीं मोजदाद," असें म्हणून तो इमारत न् इमारत हिंडला. संगणक किती, छापयंत्रें किती, एका वेळीं किती मुलें बसतात, पांच वर्षांनीं किती वाढतील, हें सर्व त्यानें लिहून काढलें. जाळ्यांतील प्रत्येक यंत्रास अंकांचा पत्ता लागतो. घरगुती जाळ्यांत पत्त्यांचा जो गट सहसा असतो, त्यांत २५४ यंत्रांचीच सोय होते. म्हणून १९९६ च्या नियमानें खाजगी जाळ्यांसाठीं राखलेल्या गटांपैकीं, १० या अंकानें आरंभ होणारा गट त्यानें घेतला. त्यांत दीड कोटीहून अधिक पत्ते आहेत. मग प्रत्येक इमारतीस एकेक आळी नेमून दिली, आणि मुलांच्या आळींतून हिशेबाच्या आळींत जाण्याची वाट बंद केली.

नंतर कामांची वांटणी. नव्या यंत्रास पत्ता देणारी सेवा डीएचसीपी. नांवावरून पत्ता सांगणारी डीएनएस. कोण शिक्षक व कोण विद्यार्थी हें ओळखणारी एलडॅप. आणि विंडोजच्या संगणकांसही लिनक्सवरील फायली पुरविणारी सांबा. यांच्या योगानें मुलगा कोणत्याही संगणकापाशीं बसला तरी त्याची स्वतःची वही त्याच्यापुढें उघडते. नांवांची व पत्त्यांची सेवा मात्र दोन यंत्रांवर ठेविली. ती थांबली कीं पांचशें यंत्रें एकमेकांस अनोळखी होतात.

तिसरा प्रश्न किल्लीचा. लिनक्समध्यें ‘रूट’ हा सर्वाधिकारी. त्याची आज्ञा चुकीची असली तरी यंत्र बहुधा उलट प्रश्न न करतां ती पाळतें. म्हणून रूटच्या नांवानें थेट प्रवेश बंद ठेविला. प्रत्येकानें स्वतःच्या नांवानें यावें, गरजेपुरता अधिकार मागावा, आणि कोणीं केव्हां काय केलें याची नोंद राहावी, असा दंडक घातला.

चौथा प्रश्न अडचणीच्या दिवसाचा. सर्व्हरांत दोन डिस्का अशा जोडतात कीं, एकीवर लिहिलेलें तत्क्षणीं दुसरीवर उमटतें. एक मेली तरी काम चालतें. आम्हांस वाटलें, झालें! पुतण्या म्हणाला, "काका, हा आरसा आहे. मूळ पुसलें कीं आरशांतलेंही पुसलें." म्हणून नोंदींच्या एकंदर तीन प्रती केल्या, त्या दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक दुसऱ्या इमारतींत. तरीही आमची शंका फिटेना. आमचीही प्रत होतीच कीं कपाटांत!

अशी फजिती आमचीच झाली असें नाहीं. प्रोग्राम लिहिणाऱ्यांचें लेखन सांभाळणाऱ्या गिटलॅब या कंपनींत ३१ जानेवारी २०१७ रोजीं एका कर्मचाऱ्यानें चुकीच्या सर्व्हरवर पुसण्याची आज्ञा दिली. थांबवीपर्यंत सुमारें ३०० गिगाबाइटांपैकीं साडेचारच उरले. नकलेच्या व्यवस्था अनेक होत्या. एक आवृत्तीच्या विजोडपणामुळें बंद पडलेली. तिच्या इशाऱ्याच्या ई-पत्रांनाच मार्गांत नकार मिळे, म्हणून कोणास कळलें नाहीं. शेवटीं सहा तासांपूर्वीं सहज काढून ठेविलेल्या एका प्रतीनें लाज राखली. मधल्या सहा तासांचें काम मात्र गेलें. हें सर्व त्या कंपनीनें स्वतःच जगास सांगितलें, ही गोष्ट घेण्यासारखी आहे.

आमच्या पूर्वजांनीं वेद राखले ते पोथी कपाटांत ठेवून नव्हे. पद, क्रम, जटा, घन अशा पाठांनीं तेच शब्द उलटसुलट म्हणवून घेतले, कीं एक स्वर चुकला तर तेथल्या तेथें उघडकीस यावा. ठेवलेली प्रत ही प्रत नव्हे. म्हणून दाखविलेली ती प्रत.

म्हणून आतां दर महिन्याच्या पहिल्या सोमवारीं एका मोकळ्या यंत्रावर सर्व नोंदी नकलेवरून पुन्हा उतरवितात, आणि कोणतीही एक नोंद कागदाशीं ताडून पाहतात. पहिल्या सोमवारीं कोणती नोंद उघडूं, असें पुतण्यानें विचारलें. आम्हीं त्याच विद्यार्थ्याचें नांव सांगितलें. पान पडद्यावर आलें, जन्मतारीख जुळली. आम्ही बराच वेळ तें पाहत राहिलों.

वाचकहो, सर्व्हर आपल्या घरीं नसेल; पण वडिलांचें शेवटचें छायाचित्र, घराचीं खतें, मुलांचे दाखले एखाद्या डिस्कवर ठेवून आपणही निश्चिंत असाल. येत्या रविवारीं ती डिस्क दुसऱ्या यंत्रास जोडून एकदां उघडून पाहा. कपाटाच्या कुलपावर विसंबूं नका.