नळाचं पाणी आधी कुणाच्या वस्तीला?

गावात पाणी कोणत्या आळीला आधी सोडायचं, हे बहुधा कोणत्याही ठरावात लिहिलेलं नसतं. ग्रामपंचायतीचा पाणीपुरवठा कर्मचारी टाकीखालचे व्हॉल्व्ह एका ठरावीक क्रमाने फिरवतो. हा क्रम त्याला आधीच्या कर्मचाऱ्याने दाखवलेला असतो. वरच्या आळीला दाब चांगला असतो, म्हणून तिथे पहाटे भरपूर पाणी येतं. पाइपलाइनच्या शेवटच्या टोकाला असलेल्या वस्तीत ते उशिरा आणि बारीक धारेने पोहोचतं. नेमक्या त्याच वेळी तिथल्या बायकांना मजुरीला निघायचं असतं, त्यामुळे एक तर पाणी सोडावं लागतं, नाहीतर रोज बुडवावा लागतो. पाणीपट्टी मात्र दोन्हीकडे सारखीच असते. कुणीही जाणूनबुजून कुणावर अन्याय केलेला नसतो, पण अन्याय रोज सकाळी होत राहतो.

नव्या सरपंचाला किंवा सदस्याला प्रशिक्षणात काय शिकवावं, या प्रश्नाचं माझं उत्तर या व्हॉल्व्हपासून सुरू होतं. समतेवरचं भाषण ऐकून सगळे माना डोलावतात. पण पाणी, दिवाबत्ती, घरपट्टी, दाखले, सभेची वेळ, गटाराचा उतार अशा रोजच्या कामकाजात कोण मागे राहतंय हे पाहायची सवय भाषणाने लागत नाही. ती सराव करून लावावी लागते.

73 वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 रोजी अमलात आली आणि पंचायतींमध्ये महिला, अनुसूचित जाती व जमातींसाठी राखीव जागा बंधनकारक झाल्या. महाराष्ट्राने 2011 मध्ये महिलांचं आरक्षण निम्म्यावर नेलं. त्याच्या कितीतरी आधी, 1960च्या दशकातच, बारामती तालुक्यातल्या निंबुतमध्ये संपूर्ण महिलांची ग्रामपंचायत होती. 1989 मध्ये शेतकरी संघटनेच्या प्रेरणेने जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरच्या बायकांनीही पंचायत हाती घेतली. म्हणजे खुर्चीत बसण्याची हिंमत आपल्याकडे नवी नाही. आज राज्यात सुमारे 28 हजार ग्रामपंचायती आहेत आणि एकेका पंचायतीत 7 ते 17 सदस्य आहेत. दर पाच वर्षांनी त्यांतले बरेच जण नवे येतात. एवढ्या माणसांना शिकवणं हे प्रौढशिक्षणाचं प्रचंड काम आहे.

हे काम पुण्याची यशदा ही संस्था आणि तिच्याशी जोडलेली प्रशिक्षण केंद्रं करतात. वरून प्रवीण प्रशिक्षक तयार होतात, ते जिल्ह्यात आणि तालुक्यात शिकवतात. पद्धत ठीक आहे, पण खाली येता येता तिचा कस कमी होतो. तालुक्याच्या सभागृहात पडद्यावर एकामागून एक चित्रं सरकतात, कलमांचे आकडे येतात, जेवण होतं, सह्या होतात आणि माणसं घरी जातात. मजुरी बुडवून आलेल्या सदस्य बाईच्या हातात एक पुस्तिका पडते. तिच्या वॉर्डातला बंद पडलेला हातपंप त्या पुस्तिकेत कुठेच नसतो.

शिकवण्याची सुरुवात पैशापासून करावी असं मला वाटतं, कारण पैशाचा हिशेब सगळ्यांना कळतो. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातून 15 टक्के मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. समजा, एखाद्या पंचायतीचं वर्षाचं स्वउत्पन्न 10 लाख आहे. मग मागासवर्गीयांसाठी दीड लाख, महिला व बालकांसाठी एक लाख आणि दिव्यांगांसाठी 50 हजार रुपये बाजूला निघायला हवेत. एवढी आकडेमोड कुणालाही जमते. खरा सराव पुढे आहे. मागच्या वर्षाचं कॅशबुक उघडायचं आणि या तीन रकमा कुठे गेल्या ते शोधायचं. दीड लाख कोणत्या वस्तीत लागले? समाजमंदिराच्या रंगरंगोटीला की तिथल्या गटाराला? एक लाख कशावर गेले, आणि त्या कामाची मागणी महिला सभेत झाली होती का? गावात दिव्यांग किती आहेत, त्यांची यादी पंचायतीकडे आहे का? नसेल तर 50 हजार कुणाला दिले? एका दुपारी एवढं तपासलं, तरी सदस्याची नजर बदलते. हे प्रश्न विचारणं म्हणजे ग्रामसेवकावर आरोप करणं नव्हे. हल्ली हे पद ग्रामपंचायत अधिकारी म्हणून ओळखलं जातं, आणि चांगला अधिकारी अशा प्रश्नांचं स्वागतच करतो, कारण लेखापरीक्षणात त्यालाच उत्तर द्यायचं असतं. म्हणून सरपंच, सदस्य आणि अधिकारी यांना एकाच टेबलाशी, त्यांच्याच गावाचं दप्तर समोर ठेवून शिकवावं. वेगवेगळ्या वर्गांत शिकलेली माणसं गावात आल्यावर एकमेकांचं ऐकत नाहीत.

ग्रामसभेचंही तसंच आहे. कायद्याने वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात आणि नियमित सभेच्या आधी महिलांची सभा घ्यायला हवी. गणपूर्तीला मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसं लागतात. ती जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट उरत नाही. गावाच्या कारभारातली सगळ्यात मोठी फट इथे आहे. सकाळी 11 वाजता, ऐन कापूस वेचणीच्या दिवसांत सभा ठेवली तर वेचणीला गेलेल्या बायका येणार नाहीत हे सगळ्यांना माहीत असतं. मग पुढच्या सभेत मोजकी माणसं बसून वर्षाचा आराखडा मंजूर करतात. नियम कुठेच मोडलेला नसतो. सभेची वेळ कुणाच्या सोयीची, जागा कोणत्या आळीत, दवंडी शेवटच्या वस्तीपर्यंत पोहोचली का, हे तीन प्रश्न नोटीस काढण्याआधी विचारायची सवय लागली तर सभेला बसणारे चेहरे बदलतात.

चेहरे बदलले की काम बदलतं का? याचा चांगला पुरावा आहे. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि पुढे नोबेल मिळवलेल्या एस्थर डुफ्लो यांनी 2004 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. पश्चिम बंगालमधला बीरभूम आणि राजस्थानातला उदयपूर या जिल्ह्यांतल्या पंचायतींची त्यांनी तुलना केली. सरपंचपद कोणत्या गावात राखीव होणार हे सोडतीसारखं ठरत असल्याने तुलना चोख होती. जिथे बाई प्रमुख होती, तिथे दोन्हीकडे पिण्याच्या पाण्यावर जास्त काम झालं. रस्त्यांच्या बाबतीत मात्र दोन्हीकडे फरक पडला. बंगालमध्ये बायकांची रस्त्यांबद्दलही तक्रार होती, तिथे रस्ते सुधारले. राजस्थानात रस्त्यांची मागणी पुरुषांची होती, तिथे रस्त्यांवरचा भर कमी झाला. म्हणजे बायकांना ज्याची गरज वाटत होती, तेच झालं.

पंचायतीच्या दप्तरातल्या साध्या नोंदीतही केवढी ताकद असते, हे घरपट्टीच्या नमुना 8 वरून दिसतं. घराची नोंद नवऱ्याच्या एकट्याच्या नावाने न ठेवता दोघांच्या नावाने करण्याची ‘घर दोघांचे’ ही मोहीम राज्यात झाली. एका रकान्यात बायकोचं नाव चढलं की मारहाण करून तिला घराबाहेर काढणाऱ्याला ते सोपं राहत नाही. सरकारने डिसेंबर 2020 मध्ये जातिवाचक वस्त्यांची नावं बदलण्याचा निर्णय घेतला, तोही शेवटी पंचायतीच्या रजिस्टरात आणि रस्त्याच्या पाटीवरच उतरायचा असतो. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने ग्रामसभेत विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात सरकारने बाकीच्या गावांना त्याचं अनुकरण करायला सांगितलं. हेरवाडला हे सुचलं, कारण तिथल्या माणसांनी स्वतः विचार केला. वरून आलेल्या परिपत्रकाने एवढं कधीच साधत नाही.

केरळने प्रशिक्षणाचा हाच धागा पकडला. 1996 मध्ये तिथे लोकयोजना मोहीम सुरू झाली आणि राज्याच्या योजनानिधीतला एक तृतीयांशाहून मोठा हिस्सा स्थानिक संस्थांकडे गेला. पैसे आधी आणि शिकवणं नंतर, असं तिथे झालं. हातात खरे पैसे असल्याने प्रशिक्षणाला धार आली. निवृत्त शिक्षक, अभियंते, कार्यकर्ते अशी एक लाखाहून जास्त माणसं गावपातळीवर तयार झाली. योजनेतला 10 टक्के निधी महिलांच्या कामांसाठी वेगळा ठेवणं बंधनकारक झालं. त्रिशूरजवळची किला ही संस्था अजूनही हे प्रशिक्षण चालवते. आपल्याकडे 14 व्या वित्त आयोगानंतर ‘आमचं गाव, आमचा विकास’ या कार्यक्रमातून शिवारफेरी, महिला सभा, बालसभा, वंचित घटकांची सभा हे सगळं कागदावर आलं. जिथे शिवारफेरी खरोखर झाली, तिथे आराखड्यात फरक दिसतो. जिथे जुनाच आराखडा तारीख बदलून पाठवला गेला, तिथे दिसत नाही.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाचा मार्ग याहून वेगळा आहे. तिथे सगळं गाव अभ्यासगटात बसून कायदा, जंगल आणि हिशेब शिकत आलं आहे, आणि निर्णय सर्वसहमतीने होतात. 2009 मध्ये या गावाला सामूहिक वनहक्क मिळाले. एका सरपंचाला शहाणं करून सोडून देण्यापेक्षा हे कितीतरी टिकाऊ आहे, कारण आपल्याकडे आरक्षण फिरतं. पाच वर्षं धडपडून शिकलेल्या बाईची जागा पुढच्या सोडतीत खुली होते, आणि तिचं शिकणं घरी बसतं. माजी महिला सदस्यांनाच त्या त्या तालुक्यात प्रशिक्षक नेमलं तर हे नुकसान बरंचसं टळेल. खर्चही फारसा नाही.

सरपंचपती नावाचं दुखणं जुनंच आहे. सर्वोच्च न्यायालयातल्या एका प्रकरणानंतर केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाने 2023 मध्ये यावर समिती नेमली, आणि मार्च 2025 मध्ये निवडून आलेल्या महिलांसाठी ‘सशक्त पंचायत नेत्री अभियान’ सुरू झालं. त्यामुळे बाईच्या नावावर कारभार करणाऱ्या नवऱ्यांना थोडा वचक बसेल अशी आशा आहे. पण दोष बाईत शोधून तिलाच वर्गात बसवणं पुरेसं नाही. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेडा गावच्या महिला सरपंचाला अपात्र ठरवलं होतं. कारण दाखवलं होतं ते असं, की ती सरकारी जागेवर बांधलेल्या सासूच्या घरात राहते. सप्टेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. गावातल्या काहींना बाई सरपंच झाल्याचं सहन झालं नाही, आणि वेगवेगळ्या पातळ्यांवरच्या अधिकाऱ्यांनी निवडून आलेल्या लोकप्रतिनिधीला हटवण्याचा विषय फार सहजपणे हाताळला, असा न्यायालयाच्या म्हणण्याचा आशय होता. तक्रार आली की बाईच्या बाबतीत कागद जास्त वेगाने फिरतात का, हे तहसील आणि जिल्हा कार्यालयातल्या अधिकाऱ्यांनी आपल्याच नोंदवहीत तपासावं. यशदाच्या पुढच्या वर्गात पहिल्या रांगेत त्यांना बसवावं आणि वाचायला विचखेड्याचा निकाल द्यावा.