डोळा जुन्याच घरात अडकतो

पटावर पांढऱ्याची खेळी आहे. वजिराचा शह, काळा राजा कोपऱ्यात. घोड्याचा शह, राजा परत बाहेर. घोडा बाजूला होताच दुहेरी शह, राजा पुन्हा कोपऱ्यात. आता वजीर थेट राजाला खेटून ठेवायचा. काळ्याला तो हत्तीनं मारावाच लागतो, आणि आपल्याच मोहऱ्यांमध्ये कोंडलेल्या राजाला घोडा मात देतो. पाच खेळ्या! ही मात एकदा पाहिलेला माणूस जन्मात विसरत नाही.

मेरिम बिलालिच, पीटर मॅक्लाउड आणि फर्नांड गोबे या मानसशास्त्रज्ञांनी असा पट तगड्या खेळाडूंसमोर ठेवला आणि कमीत कमी खेळ्यांत मात शोधायला सांगितलं. पटावर तीन खेळ्यांची मातही होती, पण ती ओळखीची नव्हती. खेळाडूंना पाच खेळ्यांची मात चटकन दिसली. मग ते म्हणाले, याहून लहान शोधतोय. त्यांची नजर टिपणारा कॅमेरा मात्र वेगळंच सांगत होता. डोळे फिरून फिरून पाच खेळ्यांची मात ज्या घरांवर होती, त्यांवरच जात होते. ओळखीची वाट बंद केलेला पट दिल्यावर तेवढ्याच ताकदीच्या खेळाडूंना तीन खेळ्यांची मात सापडली. हा प्रयोग 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. खेळाडू खोटं बोलत नव्हते. आपण नवं शोधतोय असं त्यांना मनापासून वाटत होतं, आणि मला यातलं हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

नवशिक्याला ही अडचण येत नाही, कारण त्याच्याकडे ओळखीचं असं फार काही नसतंच. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी 1973 मध्ये खऱ्या डावातला पट पाच सेकंद दाखवून तो पुन्हा मांडायला सांगितला. मास्टरनं वीस-पंचवीस मोहऱ्यांपैकी सोळाएक जागेवर ठेवली, नवशिक्यानं चारेक. मोहरी वाटेल तशी विखरून ठेवल्यावर मास्टरची आघाडी जवळजवळ संपली. म्हणजे स्मरणशक्ती अफाट होती असं नाही. मास्टरला सुटी मोहरी दिसतच नाहीत, त्यांचे घोस दिसतात. कॅसल केलेला राजा, पुढची तीन प्यादी आणि शेजारचा हत्ती हा त्याच्यासाठी एकच शब्द असतो. असे हजारो शब्द जमले की माणूस तगडा होतो, आणि पुढे तेच शब्द त्याची नजर धरून ठेवतात.

ऑनलाइन खेळणाऱ्याचं घोडं नेमकं इथेच अडतं. तीन मिनिटांच्या डावात नवा विचार करायला वेळच नसतो, साठवलेलंच बाहेर काढावं लागतं. ब्रूस बर्न्स यांनी 2004 मध्ये दाखवलं की झटपट डावांतली कामगिरी आणि खेळाडूची एकूण ताकद यांचं नातं फार घट्ट असतं. अशा झटपट डावांत, म्हणजे ब्लिट्झमध्ये, तुमची साठवण किती आहे हे छान मोजता येतं. पण तापमापी दिवसातून चाळीस वेळा लावली म्हणून ताप उतरत नाही.

खेळाडूची ताकद आकड्यात सांगणाऱ्या रेटिंगचं गणितही समजून घ्यायला हवं. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक अर्पाद एलो यांच्या पद्धतीत दोनशे गुणांनी सरस असलेल्यानं शंभर डावांत साधारण 76 गुण मिळवावेत अशी अपेक्षा असते. लिचेससारखी बुद्धिबळाची संकेतस्थळं मार्क ग्लिकमन यांची सुधारित पद्धत वापरतात आणि जोडी शक्यतो बरोबरीच्याशी लावतात. त्यामुळे कितीही वर चढलात तरी जवळपास निम्मे गुण हातचे जाणारच. एवढे हरलेले डाव आयते मिळत असताना आपण ते बंद करून घाईघाईनं पुढचा डाव मागतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

डाव संपला की इंजिन, म्हणजे डाव तपासणारा संगणक, लावायची सवयही तशीच. इंजिन उत्तर देतं, आपण मान डोलावतो आणि विसरतो. मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिक यांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात धडा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो न बघता आठवून लिहिणाऱ्यांच्या आठवडाभरानंतर जास्त लक्षात राहिला. म्हणून आधी इंजिन बंद ठेवून, डाव कुठे फिरला ते स्वतः सांगायचं आणि मगच यंत्राला विचारायचं. डब्लिनच्या मिशेल काउली आणि रूथ बर्न यांना 2004 मध्ये आणखी एक फरक दिसला. मास्टर आपल्याच बेताला सुरुंग लावणारं उत्तर शोधतो, कच्चा खेळाडू समोरच्यानं सोयीचीच खेळी करावी असं धरून चालतो.

माझ्या वहीत एक डाव आहे. उंट देऊन एच7 चं प्यादं घेतलं, राजानं उंट मारला, घोडा जी5 वर शह देत आला, राजा मागे गेला, वजीर एच5 वर. पुस्तकातला हल्ला, हात आपोआप चालले. मग काळ्यानं उंट शांतपणे एफ5 वर आणून एच7 राखलं आणि हल्ला तिथेच विझला. त्या रात्री मी नशिबाला बोल लावून पुढचे सहा डाव खेळलो.

आठवड्यानं पट लाकडी सोंगट्यांनी मांडला तेव्हा कळलं. पुस्तकातल्या पटात काळ्याचं एक प्यादं ई6 वर असतं, म्हणून त्याचा सी8 वरचा उंट आत कोंडलेला राहतो. माझ्या डावात ते प्यादं तिथे नव्हतं, उंटाची वाट मोकळी होती. एच7, जी5, एच5 ही घरं मी दहादा पाहिली असतील, त्या एका घराकडे एकदाही नाही. आता हरलेल्या प्रत्येक डावापुढे मी चुकीची खेळी लिहीत नाही, न पाहिलेलं घर लिहितो. त्या डावापुढे लिहिलंय, ई6.